पाण्याखालच्या दोन पायऱ्या

खोट्या रक्ताला मुंग्या लागतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या घाटावर, रात्री अडीच वाजता कळलं. लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग, चमचाभर कोको आणि सगळं सरबतासारखं दिसू नये म्हणून निळ्या रंगाचा एखादा थेंब, हे आमच्या मेकअपदादांचं रक्त. चवीला बरं लागतं. आमचं प्रेत, म्हणजे ते काम करणारा नट, दीड तास दगडी पायरीवर उताणा पडून होता. श्वास रोखण्यात पटाईत, पापणीही हलू द्यायचा नाही. चौथ्या टेकला मात्र ते प्रेत एकदम किंचाळत उठलं आणि मान झाडत घाटभर नाचायला लागलं. सगळं युनिट हसत होतं. मी धावले, पण त्याला सावरायला नाही. मुंग्यांनी रक्ताचा ओघळ कुठवर पुसला ते बघायला. कारण त्याच ओघळाचा क्लोजअप पहाटे घ्यायचा होता.

मी कंटिन्युटी बघायचे. सहायक दिग्दर्शकांमधलं हे सगळ्यांत बिनकौतुकाचं खातं. चित्रपट कधीच सुरुवातीपासून शेवटापर्यंत चित्रित होत नाही. जागा, उजेड आणि नटांच्या तारखा जशा जुळतील तसा होतो. मेलेला माणूस आठ दिवसांनी पहिल्या प्रसंगात पोहे खाताना दिसतो. तेव्हा त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं की लावलेलं, पोह्यांवर लिंबाची फोड होती की पिळून झाली होती, भिंतीवरचं घड्याळ किती वाजलेत म्हणत होतं, हे सगळं वहीत लिहायचं आणि फोटो काढून ठेवायचे. नीट केलं तर कुणाला पत्ता लागत नाही. चुकलं तर सगळ्या गावाला दिसतं.

त्याआधी मी दोन कौटुंबिक चित्रपट केले होते. तिथे सासूबाईंच्या बांगड्या एका शॉटमध्ये चार आणि दुसऱ्यात सहा झाल्या तरी निभावतं. प्रेक्षक रडत असतो, बांगड्या मोजत नसतो. थ्रिलरमध्ये तसं नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं. तिथे प्रेक्षकाला संशय घ्यायला आपणच शिकवलेलं असतं. ग्लास उजवीकडचा डावीकडे गेला तर तो म्हणत नाही की यांचं चुकलं. तो म्हणतो, कुणीतरी ग्लास हलवलाय. माझी प्रत्येक चूक म्हणजे एक खोटा पुरावा. आणि खोटे पुरावे पेरायचा हक्क फक्त लेखकाला.

चित्रपटाचं नाव सांगत नाही. फार चालला नाही, आणि सांगितलं तर खुनी कोण हेही सांगावं लागेल.

2016 सालची गोष्ट. भाऊबीज आटोपून 3 नोव्हेंबरला आम्ही वाईत उतरलो. बत्तीस दिवसांचं शेड्यूल, त्यातले वीस दिवस नव्हे, वीस रात्री. संध्याकाळी सहाचा कॉल, सकाळी सहाला पॅकअप. या भागाला शूटिंगची नवलाई अजिबात नाही. मेणवलीत 'स्वदेस' झालेला, वाईत 'गंगाजल' झालेला. पोरंसोरंही ट्रॉलीचे रूळ टाकायला लागले की सावलीत कुठे उभं राहायचं ते बरोबर ओळखतात. एका आजोबांनी तर आमच्या कॅमेरामनना सांगितलं की इथून नका लावू, मागच्या पिक्चरवाल्यांनी पण इथूनच लावला होता.

घाटावरच्या देवळापाशी एक अजस्र घंटा आहे. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या त्यांतली ही एक, असं सांगतात. आमच्या साउंड रेकॉर्डिस्टला या इतिहासाचं कौतुक वाटायला दोन दिवस लागले. तोवर त्याचं म्हणणं एकच होतं, हिच्या जवळ कुणाला फिरकू देऊ नका.

पटकथेची शेवटची बारा पानं फक्त सहा जणांकडे होती. त्यांतली एक मी, कारण खुनी कोण हे ठाऊक असल्याशिवाय त्याचं घड्याळ कुठल्या हातात हे मी सांभाळणार कशी? कॉलशीटवरसुद्धा खुन्याचा उल्लेख 'सावली' असा असायचा. सावलीचा रेनकोट, सावलीचे हातमोजे. युनिटमध्ये पैजा लागल्या होत्या. स्पॉटदादांचा डॉक्टरवर संशय, ड्रायव्हर लोकांचा वकिलावर, आणि जनरेटर व्हॅनवाल्याचं ठाम मत की बाई आहे, बाईच असते. माझे आजोबा बाबुराव अर्नाळकरांचे भक्त. झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांचा त्यांनी लायब्ररीतून आणून फडशा पाडला होता, आणि शेवटचं पान आधी वाचणाऱ्याला ते घरात उभं करत नसत. मी आता पगार घेऊन शेवटचं पान आधी वाचत होते. त्याची शिक्षाही मिळाली. बत्तीस दिवसांत मला एकदाही भीती वाटली नाही. नायिका अंधाऱ्या जिन्यावरून उतरताना सगळे श्वास धरून मॉनिटरकडे बघत, आणि मी बघत असे की तिची चप्पल मागच्या शॉटमध्ये ओली होती, आत्ता वाळलीय.

आता त्या बारा पानांतलं एक गुपित सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक साक्षीदार कोर्टात शपथेवर सांगतो, मी चांदण्यात खुन्याचा चेहरा पाहिला. बचावाचा वकील पंचांग काढतो. त्या रात्री अमावस्या होती. युक्ती जुनीच. अब्राहम लिंकन वकिली करत असताना 1858 साली इलिनॉयमधल्या एका खटल्यात त्याने पंचांग दाखवूनच साक्षीदाराचं चांदणं काढून घेतलं होतं. लेखकाने ती उचलल्याचं मोकळेपणाने कबूल केलं होतं. आमच्याकडे पंचांगाच्या जागी भिंतीवरचं कालनिर्णय होतं, आणि ते पहिल्या प्रसंगापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत असणार होतं. खुनाची रात्र ठरली होती 29 नोव्हेंबर 2016, कार्तिकातली अमावस्या.

मग आली 8 नोव्हेंबरची रात्र. वाड्याच्या माडीवर पैशांच्या बॅगेचा प्रसंग चालू होता. बॅगेत हजाराच्या नोटांची चोवीस पुडकी. प्रत्येक पुडक्याला वर एक आणि खाली एक खरी नोट, मध्ये कापलेले कागद. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार रुपये खरे, बाकी रद्दी. मास्टर शॉट झाला होता, क्लोजअपसाठी लाइट बदलत होते. साडेआठच्या सुमारास एक ड्रायव्हर जिना धडधडत वर आला आणि म्हणाला, हजाराची नोट बंद झाली. कुणी मान वर केली नाही. सेटवर अशा वावड्या रोज उठतात. मग एकेकाचे फोन वाजायला लागले. दहा मिनिटांत प्रॉडक्शन मॅनेजर आला आणि काही न बोलता बॅगेसमोर मांडी घालून पुडक्यांवरच्या नोटा काढायला लागला.

मी अक्षरशः आडवी पडले. माझ्याकडे प्रत्येक पुडक्याचा फोटो होता. एका नोटेवर निळ्या शाईचा डाग होता, दुसरीवर कुणीतरी पेनाने फोन नंबर लिहिलेला, आणि मास्टरमध्ये त्या दोन्ही नोटा दिसत होत्या. तो म्हणाला, ताई, या नोटा उद्यापासून कागद आहेत. मी म्हटलं, दादा, त्या कालपर्यंतही आमच्यासाठी कागदच होत्या. दिग्दर्शक मध्ये पडले. क्लोजअप रात्रीतच उरकला आणि पहाटे सगळ्या नोटा मोजून त्याच्या हवाली केल्या. डागवाली नोट त्याने वेगळी ठेवली. बँकवाले घेतील का नाही, ही त्याची धास्ती.

पुढचे आठ-दहा दिवस कसे काढले ते आठवत नाही म्हटलं तर खोटं होईल, चांगलं आठवतं. रोजंदारीवरच्या लोकांना रोख द्यायला पैसे नव्हते. जेवण पुरवणाऱ्याने उधारीवर घातलं. जनरेटरचं डिझेल चाललं, कारण पंपावर जुन्या नोटा काही दिवस घेत होते. रात्रभर शूटिंग करून आमचे सेटिंगवाले सकाळी न झोपता बँकेच्या रांगेत उभे राहायचे. लाइटमनांपैकी काहींची पूर्ण मजुरी नंतर कित्येक महिने अडकली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण तो नोटबंदीवर काढायचा की ज्यांनी ती सबब केली त्यांच्यावर, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलंय.

कथेचं काय करायचं? खून 29 नोव्हेंबरचा, आणि खुन्याने तो केला हजाराच्या नोटांच्या बॅगेसाठी. तीन आठवड्यांपूर्वी रद्द झालेल्या नोटांसाठी कुणी कशाला कुणाचा जीव घेईल! दिग्दर्शक म्हणाले, गुलाबी नोटा घालू. पण बॅग चित्रित होऊन गेली होती. शेवटी ठरलं, सगळी कथा एक वर्ष मागे न्यायची. सगळ्यांना सोपं वाटलं. मी मात्र वही उघडून बसले. 2015 साली अमावस्या कधी? दिवाळीतलं लक्ष्मीपूजन 11 नोव्हेंबरला, म्हणजे तेव्हा घरात पणत्या आणि कंदील दाखवावे लागतील. पुढची अमावस्या 11 डिसेंबर, शुक्रवार. ठरलं. एका प्रसंगात इन्स्पेक्टर "एकोणतीस नोव्हेंबर" म्हणून चुकले होते. डबिंगला "अकरा डिसेंबर" त्या ओठांवर बसेना, तेव्हा संकलकाने तो शब्द त्यांच्या पाठीवर टाकला.

आणि 2015चं कालनिर्णय? नोव्हेंबर 2016मध्ये गेल्या वर्षीचं कालनिर्णय बाजारात कोण विकणार! शेवटी वाड्याची देखभाल करणाऱ्या आजींच्या स्वयंपाकघरात सापडलं. डिसेंबरचं पान वर. चौकटीचौकटीत दुधाचा हिशेब, एका तारखेला सिलिंडर आल्याची खूण, एका ठिकाणी 'माहेरी' एवढंच. आजी म्हणाल्या, "न्या की, पण दुधाचं पुसू नका, गवळ्याशी अजून मिटलं न्हाई." आमच्या कलादिग्दर्शकाने स्वतः बनवलेलं कुठलंही पान इतकं खरं दिसलं नसतं. आमच्या गोष्टीतला सगळ्यांत मोठा पुरावा शेवटी त्या आजींच्या गवळ्याच्या भांडणावर लटकला.

अमावस्येचा विषय निघालाच आहे तर 14 नोव्हेंबरही सांगते. त्या रात्री घाटावरचा खून चित्रित करायचा होता. म्हणजे काळामिट्ट अंधार. तारखा लावणाऱ्याने सगळं बघितलं, फक्त तिथी बघितली नाही. त्रिपुरी पौर्णिमा! तीही साधी नव्हे. 1948 नंतर चंद्र पृथ्वीच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आला होता, वर्तमानपत्रांत आठवडाभर त्याचीच चर्चा होती. संध्याकाळी तो उगवला आणि कृष्णेचं पात्र ताटासारखं चमकायला लागलं. घाटाच्या पायऱ्यांवर गावातल्या बायकांनी पणत्या मांडल्या. आम्ही शंभरेक माणसं, दोन ट्रक आणि पाण्याचा टँकर घेऊन खुनासाठी थांबलेलो, आणि समोर इतकं सुंदर दृश्य की कॅमेरामन स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढत होता.

पणत्या विझवणं कुणाच्याही मनात आलं नाही. तेल संपेपर्यंत थांबलो. साडेअकराला मी आणि एक स्पॉटदादा पायऱ्यांवरून पणत्या उचलायला लागलो. त्रेपन्न होत्या. सवयीने मी आधी फोटो काढला आणि पहाटे पॅकअपनंतर प्रत्येक पणती जागच्या जागी ठेवली. स्पॉटदादा म्हणाला, "मॅडम, ह्याचा पुढचा शॉट हाय का?" आकाश आणि पाणी फ्रेममध्ये येऊ न देता, काळ्या कापडाचे पडदे ताणून, घाटाच्या भिंतीशी तो खून झाला. पाऊसही आम्हीच पाडला. खोटा पाऊस मागून लाइट मारल्याशिवाय कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यामुळे अमावस्येच्या रात्री त्या माणसाच्या मागे हे भगभगीत लाइट. कुठून येतात हे लाइट, असं मी दिग्दर्शकांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, जिथून पार्श्वसंगीत येतं तिथूनच."

खुन्याचं काम करणारे नट म्हणजे अत्यंत सज्जन माणूस. मोकळा वेळ मिळाला की शब्दकोडं सोडवत बसायचे. शनिवार-रविवारी त्यांच्या नाटकाचे प्रयोग असायचे, डोंबिवली, कल्याण, बोरिवली. त्या दोन रात्री सावलीचा रेनकोट त्यांच्याच उंचीच्या एका लाइटमनने चढवला. अंधारात चेहरा दिसायचा नव्हताच. इटलीचे दारिओ आर्जेंटो त्यांच्या चित्रपटांत खुन्याचे हातमोजे घातलेले हात म्हणून स्वतःचेच हात वापरत, तेव्हा आम्ही काही जगावेगळं करत नव्हतो. पण माझी एक अट होती. नट घड्याळ उजव्या मनगटावर बांधत, तेव्हा याच्याही उजव्याच. तो म्हणाला, मला टोचतं. मी म्हटलं, टोचू दे. आता वाटतं, मजुरी अडकलेल्यांत तोही होता. निदान घड्याळ तरी डाव्या हातात बांधू द्यायचं होतं.

चित्रपट जमतोय असं पहिल्यांदा वाटलं ते अंधेरीच्या एका स्टुडिओत, फोलीच्या वेळी. पडद्यावर जे दिसतं त्याचे आवाज तिथे पुन्हा निर्माण करतात. फोली करणारा कलाकार शेवग्याच्या शेंगा ओल्या फडक्यात गुंडाळून पिळायचा आणि बोटं मोडल्याचा असा आवाज यायचा की मी कान झाकले. महिन्यांनंतर मला पहिल्यांदा भीती वाटली ती शेवग्याच्या शेंगेची! सावलीच्या पावलांचा प्रसंग आला तेव्हा त्याने मला विचारलं, याच्या पायात काय? मी वही उघडली. कोल्हापुरी, करकर वाजणारी. त्याने ती करकर घातली.

दिग्दर्शक दचकले. कारण चौदाव्या प्रसंगात, दिवसाढवळ्या, सगळ्यांचा लाडका माणूस तीच करकर वाजवत नायिकेच्या घरात येतो. म्हणाले, काढून टाक, पकडला जाईल. मी सहसा बोलत नसे, पण तेव्हा बोलले. सर, पाऊस आपण खोटा पाडला, रक्त ग्लुकोजचं, सावली भलत्याचीच. प्रेक्षकाला शेवटी कळणार की तो फसला. तेव्हा त्याला मागे वळून बघता आलं पाहिजे की पुरावा समोरच होता. आई सांगते, 'पाठलाग' आला तेव्हा तिच्या मैत्रिणी दुसऱ्यांदा बघायला गेल्या होत्या ते एवढ्यासाठीच, आपण कुठे फसलो ते बघायला. बराच वेळ वाद झाला. शेवटी करकर ठेवली, पावसाच्या आवाजाखाली, अगदी दबकी.

राहिल्या पायऱ्या. प्रेत सापडतं त्या रात्रीचं चित्रण 16 तारखेला झालं. घाटाच्या पाच पायऱ्या पाण्याच्या वर होत्या, आणि आमचा माणूस वरून तिसरीवर. तीच सकाळ, पोलीस आणि गर्दी, हे सगळं 19 तारखेला घ्यायचं होतं. आम्ही पोचलो तर पायऱ्या तीन. वर धोम धरण आहे, तिथून पाणी सोडलेलं. चौकशी केली तेव्हा कळलं की ते लगेच उतरणार नाही. दिग्दर्शकांनी कॅमेरा वर नेला, फ्रेम आवळल्या, पाणी टाळलं. पण पलीकडच्या काठावरून एक लाँग शॉट हवाच होता, आणि त्यात प्रेताच्या पाठीला नदी टेकली होती. निर्माते म्हणाले, पायऱ्या कोण मोजतंय? मी रिपोर्टात लिहिलं, 'सीन 41, पायऱ्या 2 कमी.' संकलनात तो शॉट काढा म्हणून मी दोनदा मागे लागले. पण तो इतका देखणा होता की कुणी काढेना. खरं सांगायचं तर मलाही काढवत नव्हता.

मुंबई-पुण्यात कुणालाही दिसलं नाही. समीक्षकांनी संथ मध्यभाग, ढिसाळ कोर्ट वगैरे लिहिलं, पायऱ्यांबद्दल अक्षर नाही. करकरही कुणी पकडली नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं. पुढे वाईत गावकऱ्यांसाठी एक खेळ लावला. कालनिर्णयाच्या आजी पहिल्या रांगेत. कोर्टात वकिलाने पान उलटलं तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "माझं हाय ते!" आणि थिएटर हसलं. त्यामुळे अमावस्येचा गौप्यस्फोट साफ वाया गेला.

मग शेवटी जुन्या प्रसंगांची उजळणी सुरू झाली, खुनी कसा वावरला ते दाखवणारी. तो लाँग शॉट आला. नदी, धुकं, घाट, तीन पायऱ्या. माझ्या मागच्या रांगेत दोन म्हातारे होते. एक पुढे झुकला.

"धोमचं पानी सुटलंय बघ."

दुसरा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग मढं वाहून जायाला पायजे हुतं."

शेजारी बसलेल्या दिग्दर्शकांनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडेच बघत राहिले.